‘हालात’चं पूर्ण नाव

ढवळे मॅडमच्या खेळात एक नियम होता, आणि तो खेळाच्या पेटीतल्या इंग्रजी पुस्तकांत कुठेही छापलेला नव्हता. ज्याला मारायचं त्याचं नाव घेतल्याशिवाय वार करता येत नसे. “मी तलवार मारतो” असं कुणी म्हटलं की मॅडम अंबाड्यात खोवलेली पेन्सिल काढून त्याच्यावर रोखायच्या.

“कुणाला?”

“त्या राक्षसाला.”

“राक्षसाच्या आईनं त्याचं काही नाव ठेवलं असेल की नाही? नाव घे. कशासाठी मारतोस ते सांग. मग मार, बिलकुल मार.”

हे ऐकून काही लोकांना वाटतं, बाई मवाळ असाव्यात. गैरसमज आहे. सुडाची एवढी स्वच्छ भूक मी दुसऱ्या कुठल्याही माणसात पाहिली नाही. मिल बंद झाल्यावर इंदुरात क्षमेवर प्रवचनं देणारे पुष्कळ निघाले. जाऊ द्या, विसरा, नव्या जमान्याकडे बघा. मॅडमना कुणी असं काही म्हटलं की त्या शांतपणे विचारायच्या, “माफी मागायला कुणी आलं होतं का? नाही ना? मग देऊ कुणाला? पोस्टानं पाठवू?”

मिलच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या. सुमन ढवळे. आजोबा फौजेत, वडील फौजेत, जन्म महूच्या लष्करी छावणीतला. धाकटा भाऊ फौजेच्या सिग्नलमधून सुटल्यावर मालवाहू जहाजावर रेडिओ ऑफिसर झालेला. मॅडमच्या चालण्यात ती छावणी होती. खांद्याला वडिलांची कॅनव्हासची बॅग, पायात पट्ट्यांचे पुरुषी सँडल, आणि वेग असा की बरोबर चालणाऱ्याला धावावं लागे. हजेरी घेताना त्या प्रत्येकाचं पूर्ण नाव घ्यायच्या, बापासकट, आडनावासकट. दुसरे मास्तर नुसते आकडे पुकारायचे आणि लवकर मोकळे व्हायचे. हेडमास्तरांनी एकदा वेळेचं कारण काढलं, तेव्हा मॅडम म्हणाल्या, “सर, आकडे मिलच्या गेटवर पुकारतात. इथं तरी नावं राहू द्या.”

खेळाची पेटी त्यांना महूलाच मिळाली. तिथं अफसरांच्या बदल्या झाल्या की बंगल्याच्या व्हरांड्यात सामान विकायला मांडतात. पंखे, सायकली, कुत्र्याचं घर, मुलांचे पाळणे. त्यात एकदा ही पेटी होती. झाकणावर आग ओकणारा अजगर, आत दोन इंग्रजी पुस्तकं आणि बऱ्याच पैलूंचे फासे, त्यातले अर्धे हरवलेले. मॅडमनी पुस्तकं वाचली आणि फाशांच्या जागी फौजी मेसमधला जुना तंबोला आणला. आकड्यांच्या सोंगट्या ब्लाउजच्या कापडाच्या पिशवीत टाकल्या. मोठा आकडा निघाला तर जमलं, लहान निघाला तर फसलं. कुणी नशिबाला दोष दिला की त्या म्हणायच्या, “पिशवीत हात तू घातलास. नशिबाला हात नसतात.”

हा खेळ बोलून खेळायचा. एक जण चालवतो, बाकीचे कुणीतरी होतात. कुणी योद्धा, कुणी जादूगार. चालवणारा सांगतो, तुम्ही इथं उभे आहात, समोर हे दिसतंय. मग तो विचारतो आणि तुम्ही ठरवता. मॅडमचं विचारणं कायम एकच असे. पेन्सिल खाली ठेवायची, चष्मा वर सरकवायचा आणि, “बोल. काय करतोस?” या तीन शब्दांनी मला जेवढं घाबरवलं तेवढं कुठल्याही परीक्षेनं घाबरवलं नाही.

आम्ही तिघं खेळायचो. शाळा सुटल्यावरही, कॉलेजात गेल्यावरही, दर रविवारी दुपारी. मुकेशचे वडील विणाई खात्यात. तो घरी मालवी बोलायचा आणि मराठी आमच्यात बसून शिकला होता. खेळात तो गदावाला. अरविंद टाइम ऑफिसातल्या कारकुनाचा मुलगा, खेळात जादूगार. आणि मी, नंदा. माझे बाबा युनियनची पत्रकं लिहायचे. घरात देवाची तसबीर नव्हती, सायक्लोस्टाइलची शाई होती. वाचायला मी त्या पत्रकांवर शिकले. खेळात मी दारं उघडणारी. कुलूप, भुयार, चोरवाट, हे माझं काम.

मग मिल बंद झाली. तो दिवस मी इथं रंगवत बसणार नाही, बाबांच्या पत्रकांत तो रंगवून झाला आहे. एवढंच सांगते की गेटला सकाळी कुलूप लागलं आणि डबे घेऊन आलेली माणसं डबे घेऊन परत गेली. दिल्लीत त्या काळात बाजाराची दारं उघडण्याच्या गोष्टी चालल्या होत्या. आमच्याकडे जे होतं तेही बंद झालं. शाळा उन्हाळ्याच्या सुट्टीला बंद झाली ती पुन्हा उघडलीच नाही. मॅडम अन्नपूर्णेच्या देवळाकडे दोन खोल्यांत शिकवण्या घेऊ लागल्या. मुकेश कॉलेज सोडून सियागंजच्या घाऊक बाजारात पोती उचलू लागला. अरविंदनं कॉम्प्युटरचा क्लास लावला आणि बोलण्यात “ओपन मार्केट” आणलं. रविवारचा खेळ मात्र सुटला नाही. उलट रंगला. मुकेशची गदा अशी चालायची की मॅडमना राक्षस पुरवता पुरेनात.

एका शनिवारी मिलमधून माग भंगारात निघाले. ट्रक आत गेले. बातमी कळताच मुकेश काठी घेऊन गेला. गेटवर रामप्रसाद उभा होता. वीस-पंचवीस वर्षं त्याच गेटवर असलेला चौकीदार. मुकेशनं त्याचा उजवा हात मोडला.

रविवारी तो छाती काढून आला. पोह्यांची बशी हातात घेतली, शेव भुरभुरली आणि म्हणाला, “मॅडमजी, तुमचा नियम पाळला. नाव घेऊन मारलं. रामप्रसाद, म्हटलं, और दिया.”

मॅडमनी अंबाड्यातली पेन्सिल काढली नाही. नुसतं विचारलं, “आणि कशासाठी?”

“मिल बंद केली ना.”

“रामप्रसादनं?”

मुकेशनं आमच्याकडे पाहिलं. अरविंद बशीकडे बघत होता.

“त्याला परवाच कामावरून काढलं,” मॅडम म्हणाल्या. “किल्ल्या जमा करायला उभा होता तो. आज सकाळी मी त्याच्या घरी जाऊन आले.”

“मग तो गेटवर कशाला होता पण? हटायचं ना!”

मॅडम उठल्या. अजगराच्या पेटीत पुस्तकं भरली, झाकण लावलं आणि पेटी पलंगाखाली पायानं ढकलली. “हा खेळ खतम. मुकेश, तुझा हिशेब तू रामप्रसादशी कर, मी मध्ये पडणार नाही. पण माझं मी सांगते. या खेळात वाईट माणूस नेहमी दारातच उभा असतो, हत्यार घेऊन. त्याला पाडलं की खजिना. इतकी वर्षं मी तुम्हाला हेच शिकवलं. आता दुसरा खेळ.”

“कुठला?” मी विचारलं.

“ज्यात दारातला माणूस राक्षस नसतो.”

आता कुणी म्हणेल, शहरात एवढी माणसं रस्त्यावर आली आणि ही बाई खेळ निवडत बसली. हे मीही तेव्हा म्हणाले होते, बाबांचे शब्द वापरून. मॅडम म्हणाल्या, “रामप्रसादचा हात मोडला तो कशानं? काठीनं? काठी तर मुकेशच्या घरी कायम होतीच.”

भावाला त्यांनी नवे खेळ आणायचा निरोप पाठवला. तो पुढच्या सुट्टीवर आला तेव्हा कुठकुठल्या बंदरांतल्या जुन्या पुस्तकांच्या ठेल्यांवरून तीन खेळ घेऊन आला. तिन्ही आभाळातले. अवकाशयानं, ग्रह, यंत्रं. मॅडमनी ते वाचून काढले आणि एका रविवारी पलंगावर ओळीनं मांडले.

पहिल्याच्या झाकणावर तेजाची तलवार घेतलेला वीर होता. मुकेशनं तो उचलला. “मॅडमजी, हाच! ह्यात तलवार आहे.”

“म्हणूनच नको. किल्ला उचलून आभाळात ठेवलाय नुसता. दारात तोच राक्षस, फक्त हेल्मेट घातलेला.”

दुसऱ्यात व्यापारी जहाज होतं. या ग्रहावर माल घ्यायचा, त्या ग्रहावर विकायचा. अरविंद खूश. “मॅडम, हा एकदम मॉडर्न आहे ना. ट्रेड. आता सगळं हेच होणार आहे, सगळं ओपन.”

“ओपन कुणासाठी झालं ते मुकेशच्या खांद्याला विचार. हा खेळ सियागंजात रोज चालतो, त्यासाठी आभाळात कशाला जायचं?”

तिसरा म्हणजे बारीकसं पुस्तक, झाकण अर्धं फाटलेलं, चित्र नाही. दूरच्या एका ग्रहाभोवती फिरणारं लोखंडी गाव. खाणीत काम करणारी माणसं. गाव कंपनीचं, पाणी कंपनीचं, श्वास घ्यायची हवासुद्धा कंपनीची. जादू नाही. तलवार नाही. एक गोळी लागली की माणूस मेला.

मुकेश हादरला. “यात अपन करेंगे क्या? मरेंगे?”

“विचार करशील.”

“लो भिया. छुट्टी के दिन भी ड्यूटी.”

मला तो खेळ पाहताक्षणी आवडला आणि मी तसं बोललेही. मॅडमनी मला तिथंच अडवलं. “तू गप्प बस. तुला यात पत्रक दिसतंय.”

निवडायला त्यांनी पुढचे दोन-तीन रविवार घेतले. निवडण्याची त्यांची रीत मला आजही पटते. कुठला हवा असं त्यांनी मत मागितलं नाही. प्रत्येकाला एकच विचारलं, किल्ल्याच्या खेळात तुला सगळ्यात जास्त काय आवडायचं? मुकेश म्हणाला, हातात काहीतरी जड असणं. अरविंद म्हणाला, दुसऱ्यांना वाचता येत नाही ते मला वाचता येतं हे. मी म्हणाले, शेवटचं दार उघडताना होतं ते.

“बस. एवढं राहील,” मॅडम म्हणाल्या. “किल्लेवाल्यांना एकदम तारे दाखवले तर मान वर करून करून दमतात. त्यांना आधी ओळखीचं काहीतरी हातात द्यावं.”

मग तिसऱ्या खेळात त्यांनी मुकेशला फिटर केलं आणि हातभर लांबीचा पाना दिला. अरविंदला कंपनीची यंत्रं वाचता येतील असं ठरलं, झाली त्याची जादू. मला हवेच्या नळांतून सरपटायचं काम. तंबोल्याची पिशवी तीच. नाव घेण्याचा नियम तोच. फक्त शत्रू बदलला. आणि खेळाडू एक वाढला.

रामप्रसाद. अजून नीट न जुळलेला हात गळ्यात अडकवून तो दारात उभा राहिला, तेव्हा मुकेशनं पाणी प्यायचं निमित्त काढून आतल्या खोलीत पळ काढला. मॅडमनी त्याला हाक मारली, पूर्ण नावानं, हजेरीत मारायच्या तशी. तो आला. त्यांनी त्याला रामप्रसादच्या शेजारी बसवलं.

“मॅडमजी, हमको ये सब कहाँ आता है,” रामप्रसाद म्हणाला. “हम तो चौकीदार ही बनेंगे.”

“वही बनना है,” मॅडम म्हणाल्या.

पहिला डाव. लोखंडी गावात एका भागाची हवा बंद केली आहे. माणसं गुदमरताहेत. हवेच्या दालनाला मोठं दार आहे आणि दारात एक माणूस उभा आहे.

“बोल. काय करतोस?”

“मारतो!” मुकेश म्हणाला. सवयीनं. पाना उगारल्यासारखा त्याचा हातही वर गेला होता.

“कुणाला?”

मुकेशचा हात हवेतच राहिला. शेजारी, अगदी खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळ, तो दारातला माणूस बसला होता. शेवटी रामप्रसादच बोलला. “मार ले बेटा. दूसरा हाथ अभी बाकी है.”

मॅडम हसल्या. आधी त्याच. मग रामप्रसाद हसला, मग आम्ही. मुकेश हसला नाही. त्यानं हात खाली घेतला आणि मान वर न करता विचारलं, “काका, दरवाजा बंद करने को किसने बोला?”

मी त्या खोलीत कितीतरी राजे पडताना पाहिले होते. पण त्या खोलीत घडलेलं सगळ्यात मोठं हेच. मुकेशनं मारण्याआधी विचारलं.

“सुपरवाइजर ने,” रामप्रसाद म्हणाला. तो खेळात घुसला होता. सुपरवायझर मॅडम झाल्या. सुपरवायझर म्हणाला, वरून आलं. वर गेलो. तिथला म्हणाला, आणखी वरून आलं. असे कित्येक रविवार. प्रत्येक मजल्यावर एक नम्र माणूस, प्रत्येकाच्या वर कुणीतरी. अरविंद वैतागून म्हणाला, “मॅडम, कोणी एक माणूस नसतोच ना. कंपनी असते. परिस्थिती असते.”

“नाव घे,” मॅडम म्हणाल्या.

मी गरजले, “भांडवलशाही!”

मॅडमनी पेन्सिल माझ्यावर रोखली. “तुझ्या बाबांना माझा सलाम सांग. पत्रकं त्यांची फार छान असतात. पण मला एक सांग, ही तुझी भांडवलशाही सकाळी गेटवर येते ती कुठल्या गाडीतून उतरते? ड्रायव्हर तिला काय म्हणून हाक मारतो?”

रामप्रसादकडे माझं सहज लक्ष गेलं. तो आपल्या मोडक्या हाताकडे बघत होता. मॅडमनीही ते पाहिलं असावं, कारण त्यांनी हळूच विचारलं, “रामप्रसादजी, और अपने वाले गेट पर?”

“वो खेल की बात नहीं है, मॅडमजी,” तो म्हणाला आणि चपला घालून निघून गेला.

पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. विषय कुणी काढला नाही.

खेळाचा शेवट असा झाला. मी शेवटचं दार उघडलं. आत एक रिकामी खुर्ची, एक यंत्र आणि एक कर्णा. कर्ण्यातून आवाज आला, “कंपनीला खेद आहे.” बस. तेवढंच पुन्हा पुन्हा.

मुकेश ताडकन उठला. “ये तो चीटिंग है! इतने हप्ते से चढ़ रहे हैं!”

“चीटिंगच आहे,” मॅडम म्हणाल्या. “राग आला? छान. आता तो सांडू नकोस. रामप्रसादवर सांडलास तसा सांडू नकोस. भरून ठेव.”

मिलच्या जमिनीवर घरांची कॉलनी होणार हे त्यानंतर जाहीर झालं. भूमिपूजनाला जुन्या मजुरांनाही बोलावलं होतं, लाडू होते, मंडप होता. मंचावर जो माणूस मधोमध बसला होता तो मिलचा जनरल मॅनेजर होता. आता तो कॉलनीच्या कंपनीत संचालक होता. मिल मेली, हा वाढला. त्याचं नाव मी इथवर घेतलेलं नाही. नियमानं, नाव वार करतानाच घ्यायचं.

त्यानं भाषण केलं. आवाज मऊ, दुखावल्यासारखा. “मिल हम सबकी माँ थी,” तो म्हणाला. “बंद किसने की? किसी ने नहीं की. हालात ने बंद की.” पुढच्या रांगेतून टाळ्या पडल्या. मागच्या रांगांतून काही माणसांनी माना हलवल्या. हे मी विसरणार नाही. ज्यांचं गेलं तेच माना हलवत होते, कारण हालातशी भांडता येत नाही.

तेवढ्यात मंडपाच्या मधून मॅडमचा आवाज आला. हजेरीचा आवाज. शाळेच्या त्या टोकापर्यंत पोचणारा.

“हालात का पूरा नाम?”

तो थांबला. हसला. “जी?”

“पूरा नाम बताइए. बाप का नाम, सरनेम. सुबह गेट पर आया था तो किस गाडी से उतरा था?”

मागच्या रांगांत हशा पिकला. मजुरांचा हशा मोठा वाईट असतो, तो आवरायला पोलीस लागतात. मंचावरच्या कुणीतरी माइककडे हात केला. आणि मग माझ्या शेजारून रामप्रसाद उठला. वाकडा जुळलेला हात त्यानं जमेल तेवढा वर केला.

“उतरे नहीं थे, मॅडमजी,” तो म्हणाला. “शीशा नीचे किया था बस. बोले, ताला लगा दो, किसी से बात मत करना. हम थे ना वहाँ. निरंजन कोठीवाल साहब.” त्यानं थेट मंचावर बोट रोखलं. “ये बैठे हैं.”

आता हशा नव्हता. सगळा मंडप त्या बोटाच्या दिशेनं बघत होता. मुकेश रामप्रसादच्या मागे जाऊन उभा राहिला, पाठीला पाठ लावून, कुणी त्याला खाली बसवू नये म्हणून. बँड सुरू झाला. वरून हुकूम आला असणार. निरंजन कोठीवालनं कुदळ मारली, फोटो निघाले, पण त्याच्या चेहऱ्याचा रंग मी पाहिला आहे, आणि तेव्हा तो मला पुरेसा वाटला.

मिल उघडली नाही. हे वाचून कुणाला वाटेल की मग काय उपयोग. ज्याला असं वाटतं त्यानं त्या माना हलवणाऱ्यांना त्या दिवसानंतर विचारावं, मिल कुणी बंद केली म्हणून. आता ते हालात म्हणत नाहीत.

मॅडमना मात्र तेवढ्यावर थांबायचं नव्हतं. कॉलनी झाली. मिलची चिमणी शोभेला ठेवली, खाली कारंजं लावलं. निरंजन कोठीवाल तिथल्याच सगळ्यात मोठ्या घरात राहायला आला. गेटवर गणवेशातला गार्ड आणि इंटरकॉम. मॅडम दर महिन्यात एकदा तिथं जायच्या. आत जायचं नसे. गार्डला आधी त्याचं नाव विचारायचं, गाव विचारायचं, घरी कोण कोण ते विचारायचं. मग म्हणायचं, “साहब को फोन लगा. बोल, मिल स्कूल की सुमन ढवळे मॅडम मिलने आई हैं.” तो लावायचा. आतून नकार यायचा. मॅडम “ठीक आहे” म्हणून परत फिरायच्या. एवढंच काम. महिन्यातून एकदा त्या माणसाच्या घरात, त्याच्या जेवणाच्या टेबलापर्यंत, मिल स्कूल हे शब्द पोचवायचे. गार्ड बदलत गेले. कुणी मॅडमशी उद्धट बोललं नाही. आपलं नाव आधी विचारणाऱ्या बाईशी कसं बोलणार?

शेवटचं मी त्यांना तिथंच पाहिलं. गुडघे गेले होते, श्वास पुरत नव्हता. मला म्हणाल्या, ऑटो घेऊन ये, तारीख चुकायला नको. अंबाड्यातले केस विरळ झाले होते, पेन्सिल नीट बसत नव्हती, तरी खोवली होती. कॅनव्हासची बॅग मांडीवर.

गार्ड नवा होता, पोरगेलासा. मॅडम ऑटोतूनच बोलल्या. नाव, गाव, आई. मग नेहमीचा निरोप. त्यानं फोन लावला, ऐकलं, ठेवला.

“माताजी, साहब घर पर नहीं हैं.”

“अच्छा. ये किसने बताया?”

“साहब ने ही.”

मॅडम इतक्या हसल्या की खोकल्याची उबळ आली. गार्डला आपण काय बोललो ते थोड्या वेळानं कळलं आणि तोही तोंड फिरवून हसला. मी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी घोटभर पाणी घेतलं, डोळे पुसले. चिमणीकडे एकदा पाहिलं. मग डोक्यातली पेन्सिल काढून बॅगेवर ठेवली, चष्मा वर सरकवला आणि माझ्याकडे वळल्या.

“बोल. काय करतेस?”

मी ऑटोतून उतरले. गार्डला सगळ्यात आधी त्याचं नाव पुन्हा विचारलं. त्यानं सांगितलं. मग म्हटलं, “फिर से फोन लगाओ. निरंजन कोठीवाल को बोलो, मॅडम के साथ मैं भी हूँ. अगले महीने से मैं आऊँगी.” आणि त्याला माझं पूर्ण नाव सांगितलं, बापासकट, आडनावासकट.